हार्ड डिस्कची टंचाई आणि घरचे दप्तर

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्याने चाळीसएक किलोमीटर गेले म्हणजे कोवलम नावाचे गाव लागते. केरळातील प्रसिद्ध कोवलम ते हे नव्हे. हे कोळ्यांचे गाव. अठराव्या शतकाच्या आरंभी येथे ऑस्टेंड कंपनीची वखार होती. पुढे कर्नाटकच्या नवाबाचा किल्ला झाला आणि १७५२ साली क्लाइव्हने तो घेतला. आज किल्ल्याचे नाव तेवढे उरले आहे. सरकारी नोकरीने मला या बाजूस आणून टाकले, तेव्हा राहण्यासाठी मी हे गाव निवडले. समुद्र समोर असावा एवढाच त्यामागील विचार होता. समुद्राचा खारा व दमट वारा यंत्रांना मानवत नाही, हे शहाणपण मला मागाहून आले.

२०२५ सालच्या अखेरीची गोष्ट. एका रात्री माझ्या टेबलावरील हार्ड डिस्कमधून टक्, टक्, टक् असा एकसारखा आवाज येऊ लागला. घड्याळाचा तसला आवाज शुभ असतो. हार्ड डिस्कचा नसतो. ही पेटी दोन टेराबाइटांची, म्हणजे दोन लाख कोटी अक्षरे मावतील एवढी. तिच्यात गेल्या बारा वर्षांतील छायाचित्रे, मुलांचे चलत्‌चित्रपट, कागदपत्रे आणि हजार प्रकारचा पसारा होता. त्या पसाऱ्यात एका कोपऱ्यात माझ्या आईचा आवाज होता. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी जात्यावर बसून ती ज्या ओव्या म्हणत असे, त्या माझ्या वडिलांनी वीस कॅसेटींवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. आई गेल्यावर त्या मी संगणकात उतरवून घेतल्या. आणि मग, श्रोतेहो, सांगावयास लाज वाटते, बुरशी धरलेल्या त्या कॅसेटी मी टाकून दिल्या. ‘आता संगणकात आहेत ना,’ एवढाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी नवी हार्ड डिस्क आणण्यासाठी मी चेन्नईतील रिची स्ट्रीटला गेलो. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, दिल्लीकरांना नेहरू प्लेस आणि बंगळूरकरांना एस. पी. रोड जसा, तशी चेन्नईकरांना ही रिची स्ट्रीट. अण्णा सालैच्या लगतची एक अरुंद, तारांनी आणि माणसांनी गजबजलेली गल्ली. तेथे भाव ऐकून मी स्तब्ध झालो. दोन वर्षांपूर्वी मी जे दिले होते त्याच्या जवळजवळ दीडपट रक्कम दुकानदार मागत होता. ‘सार, पुढच्या आठवड्यात आलात तर आणखी असेल,’ असे त्याने वर सांगितले. मला वाटले, हा बाजारी धाक आहे. परंतु चार दुकाने फिरल्यावर माझी खात्री झाली की टंचाई खरी आहे.

ही टंचाई का उत्पन्न झाली, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण टंचाईचे कारण कळले म्हणजे खरेदीचे शहाणपण निम्मे हाती येते.

हार्ड डिस्क म्हणजे एका बंद डबीत वेगाने फिरणाऱ्या चुंबकीय चकत्या. मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या त्या चकतीवर वाचन-लेखन करणारे शीर्ष काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने पहिली अशी यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि एवढ्या खटाटोपात पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या पेटीत त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. एवढे सूक्ष्म यंत्र बनविणे कोणालाही साधण्यासारखे नाही. म्हणून एकेकाळी या धंद्यात असलेल्या अनेक कंपन्यांपैकी आज जगात सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच उरल्या आहेत. तीन विहिरींवर सारे गाव पाणी भरू लागले म्हणजे काय होते, हे दुष्काळी भागातील श्रोत्यांना सांगावयास नको.

याचा पहिला मोठा अनुभव जगाला २०११ साली आला. त्या वर्षी थायलंडमध्ये महापूर आला. चीनच्या पाठोपाठ हार्ड डिस्क बनविणारा जगातील सर्वांत मोठा देश तोच होता. ऑक्टोबर महिन्यात अयुथ्थया प्रांतातील बांग पा-इन येथील वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला. सीगेटचे कारखाने कोरडे राहिले. पण चकती फिरविणारी मोटार आणि इतर सुटे भाग पुरविणारे कारखाने बुडाले आणि कोरड्या कारखान्यांचेही हात अडकले. जगभर हार्ड डिस्कचे भाव भराभर चढले. काही ठिकाणी दुपटीवर गेले. त्याच सुमारास या दोन्ही कंपन्यांनी अनेक नमुन्यांवरील हमीची मुदत कमी केली. टंचाईत वस्तू नुसती महाग होत नाही, तिच्यामागचे आश्वासनही आखूड होते. हा धडा तेव्हापासून लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा प्रसंग २०२१ सालचा. ‘चिया’ नावाचे एक आभासी नाणे निघाले आणि ते मिळविण्यासाठी रिकाम्या हार्ड डिस्कांचे डोंगर लागत. लोकांनी त्या घाऊक विकत घेतल्या. नाण्याचा भाव उतरल्यावर वापरून झालेल्या या डिस्कांतील पुष्कळ जुन्या बाजारात परत आल्या. त्यांतील काहींचे पुढे काय झाले असावे, ते थोड्या वेळाने सांगतो.

आताची टंचाई पुरामुळे आलेली नाही आणि नाण्यामुळेही नाही. ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भुकेमुळे आली आहे. यंत्राला शिकविण्यासाठी अपरंपार मजकूर, चित्रे व ध्वनी साठवावे लागतात आणि यंत्र जे निर्माण करते तेही कोठे तरी ठेवावे लागते. त्यासाठी जगभर माहितीची कोठारे उभी राहत आहेत. अशी कोठारे पाहण्यासाठी मला अमेरिकेस जावयास नको. कोवलमपासून काही मैलांवर सिरुसेरीच्या औद्योगिक वसाहतीत ती उभी आहेत. जेथे पूर्वी कापडाची वखार होती त्या किनाऱ्यावर आज माहितीची वखार आहे. या वखारवाल्यांची मागणी घाऊक, करार मोठे व आगाऊ. म्हणून कारखान्यातील माल आधी त्यांच्याकडे जातो. आधीच्या मंदीने पोळलेल्या कंपन्या नवे कारखाने काढण्यास उत्सुक नाहीत. जो माल उरतो तो तुमच्या-माझ्या वाट्यास येतो.

‘मग हार्ड डिस्क सोडून चकतीविरहित एस.एस.डी. घ्यावी,’ असे कोणी म्हणेल. पण तिच्यातील स्मृतिपेशी बनविणाऱ्या कारखान्यांवरही याच भुकेचा ताण पडला आणि २०२५च्या उत्तरार्धापासून तिचेही भाव चढू लागले. मायक्रॉन या मोठ्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांस विकला जाणारा माल बंद करण्याचे जाहीर केले, यावरून वारा कोणीकडे वाहत आहे ते दिसते. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यास एस.एस.डी. तितकीशी विश्वासाची नाही; तिच्यातील विद्युत्‌भार हळूहळू झिरपून जाऊ शकतो.

आता माझ्या खरेदीकडे वळतो. भावाने हैराण होऊन मी गल्लीच्या टोकाला एका लहान दुकानात शिरलो. तेथे नवीकोरी, पिशवीत बंद केलेली, मोठ्या संगणकांत वापरतात त्या जातीची हार्ड डिस्क इतरांपेक्षा बऱ्याच कमी भावात मिळाली. स्वस्त मिळाल्याचा आनंद घरी येईपर्यंत टिकला. एका जाणकार सहकाऱ्याने मला आधी तपासणी करावयास सांगितले होते, ती केली आणि आनंद मावळला.

ही तपासणी प्रत्येकाने शिकून घ्यावी अशी आहे. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची जन्मपत्रिका स्वतःजवळ बाळगते. तिला ‘स्मार्ट’ नोंदी म्हणतात. विनामूल्य मिळणाऱ्या साध्या प्रोग्रामांनी त्या वाचता येतात. डिस्क एकूण किती तास चालली, किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या आणि किती जागा संशयास्पद आहेत, हे त्यांतून कळते. वर्षाचे तास ८७६०. तेव्हा पंचवीस हजार तास चाललेली डिस्क जवळजवळ तीन वर्षे अखंड राबलेली आहे, असा हिशेब करावा. खराब किंवा संशयास्पद जागांचा आकडा शून्याहून अधिक असेल तर ती डिस्क महत्त्वाच्या कामी लावू नये.

माझ्या नव्या डिस्कच्या नोंदीत चालल्याचे तास शून्य होते. येथवर सर्व ठीक. परंतु लबाडी तेथेच असते. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतील ‘हाइझ’ या नियतकालिकाने उघडकीस आणले की सीगेटच्या पुष्कळ वापरलेल्या डिस्का नोंदी पुसून नव्या म्हणून विकल्या जात आहेत. आपण असा माल विक्रेत्यांना दिला नसल्याचे कंपनीने सांगितले. मघा उल्लेखिलेल्या नाण्याच्या खटाटोपात राबलेल्याच या डिस्का असाव्यात, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. नोंदी पुसणारांना एक गोष्ट पुसता आली नव्हती: सीगेटच्या डिस्कांत ‘फार्म’ नावाची दुसरी, अधिक खोल दप्तरी नोंद असते. ती वाचल्यावर खरे वय बाहेर पडले. माझ्या डिस्कचीही ती नोंद वाचली. वरच्या नोंदीत शून्य तास आणि आतल्या नोंदीत एकवीस हजारांहून अधिक! वधूचे वय लपविणाऱ्या मध्यस्थाची गोष्ट आपण ऐकली आहे. हा तोच प्रकार. पावतीवर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घेतला होता, म्हणून दुकानदाराने कुरकुर करीत का होईना पैसे परत केले. तो अनुक्रमांक नसता तर ‘ही आमची नव्हेच’ असे म्हणावयास तो मोकळा होता.

यावरून टंचाईतील खरेदीचे जे नियम मला उमगले ते थोडक्यात सांगतो. पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून आपल्या देशात हमी चालू आहे की नाही ते दुकानातच पाहावे, कारण परदेशातून परभारे आलेल्या मालावर येथे हमी नसते. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा १९१५ हा क्रमांक आहे. भावाची तुलना पेटीच्या किमतीवरून करू नये. किमतीला टेराबाइटांच्या संख्येने भागावे. लहान पेटी स्वस्त दिसते, पण दर टेराबाइटास ती बहुधा महाग असते. मात्र गरजच लहान असेल तर लहानच घ्यावी. घरी आल्यावर तपासणी करून, डिस्क एकदा पूर्ण भरून व पुन्हा वाचून पाहावी. सोळा टेराबाइटांची म्हणून कवडीमोल भावाने विकली जाणारी चिमुकली पेटी पुष्कळदा आतून रिकामी असते. भरून पाहिल्याखेरीज ते कळत नाही.

आणखी एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही स्वस्त डिस्कांत लेखनाचे माग कौलांप्रमाणे एकमेकांवर चढविलेले असतात. एक कौल बदलावयाचे तर शेजारची हलवावी लागतात. तसेच येथे जुना मजकूर बदलताना वेळ लागतो. २०२० साली वेस्टर्न डिजिटलने काही डिस्कांत ही पद्धत वापरल्याचे ग्राहकांना आधी सांगितले नव्हते, म्हणून बराच गदारोळ झाला. रोजच्या धावपळीस ही जात मंद पडते. परंतु एकदा लिहून कपाटात ठेवावयाच्या मजकुरास ती चालते. स्वस्त वस्तू वाईटच असते असे नाही. ती कोणत्या कामासाठी स्वस्त आहे, एवढे विचारले पाहिजे.

जुनी डिस्क घ्यावीच नये काय? घ्यावी, पण जुनी म्हणून, जुन्याच्या भावात, वय पाहून, आणि तिच्यात एकुलती एक प्रत कधीही न ठेवता. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्याकडील लाखो डिस्कांचा मृत्युलेख नियमितपणे प्रसिद्ध करते. २०२४ साली तिच्याकडे वर्षाकाठी शंभरात दीडाहून किंचित अधिक, नेमके सांगावयाचे तर १.५७ टक्के डिस्का निकामी झाल्या. आकडा लहान वाटतो. पण आपली डिस्क त्या दीडांतली निघाली तर आपल्यापुरते ते प्रमाण शंभर टक्के असते.

एवढे सारे शिकूनही माझी मूळ अडचण उभीच होती. दोन टेराबाइटांच्या दोन चांगल्या डिस्का त्या भावात घेणे माझ्या खिशास झेपणारे नव्हते. तेव्हा मला माझ्या कचेरीतील एका जुन्या रीतीची आठवण झाली. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ वर्गाचे कागद कायमचे राखावयाचे. ड वर्गाचे काम संपल्यावर थोड्याच काळात नष्ट करावयाचे. ब आणि क यांची मुदत मधली. ही रीत रुक्ष वाटते, पण तिच्यामागे एक खोल शहाणपण आहे: सर्व काही राखू पाहणारा शेवटी काहीच राखू शकत नाही. कचेरीत वीस वर्षे ही रीत पाळणाऱ्या मी घरच्या दप्तरास ती कधीच लावली नव्हती.

त्या आठवड्यात मी ती लावली. आजारी डिस्क सारखी चालू ठेवणे धोक्याचे असते. म्हणून सर्वप्रथम सर्वांत मोलाचे, म्हणजे आईचा आवाज, बाहेर काढावयाचा आणि मग बाकीचे, असा क्रम ठेवला. आणि येथे मला आश्चर्याचा धक्का बसला. वीस कॅसेटी म्हणजे वीस तासांचे ध्वनिमुद्रण. उत्तम प्रतीचा आवाज तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो. म्हणजे सगळ्या ओव्या मिळून तेरा गिगाबाइटांच्या आत! वडिलांची पत्रे, जमिनीचे कागद, घरातील निवडक छायाचित्रे हे सारे धरूनही अ वर्ग साठ गिगाबाइटांच्या पुढे जात नव्हता. दोन हजारांतील साठ. उरलेल्यात काय होते? एकाच चित्राच्या पाच-पाच प्रती, सणासुदीला आलेले शुभेच्छांचे चित्रपट आणि पुन्हा केव्हाही मिळू शकतील असे सिनेमे. ज्या टंचाईने मी घाबरलो होतो ती माझ्या ड वर्गाची टंचाई होती.

मग छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम पाळणे अवघड राहिले नाही: तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. एक लहान नवी डिस्क हमीसह घेतली. मुलाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधील डिस्क काढून, तपासून, अल्प किमतीच्या बाहेरच्या पेटीत बसविली. अशा डिस्का पुष्कळ घरांत अडगळीत पडून असतात. तिसरी प्रत लेझरने लिहिल्या जाणाऱ्या चकत्यांवर उतरवून साताऱ्यास धाकट्या भावाकडे पाठविली. कोवलमच्या पेट्या मी आता हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी काढून वाचून पाहतो.

येथून काही तासांच्या अंतरावर तंजावर आहे. तेथील मराठे राजे दुसरे सरफोजी काशीयात्रेस गेले असता त्यांनी पंडितांकरवी ग्रंथ जमविले आणि जे मिळेनात त्यांच्या नकला करवून आणल्या. सरस्वती महालाच्या संग्रहात त्यांची भर पडली. ताडपत्र तीन-चारशे वर्षांत झिजते, कागदही झिजतो. तरीही त्यांवरील मजकूर टिकला, कारण कोणी तरी वेळेवर नक्कल केली. साधन चिरंजीव असते म्हणून स्मृती टिकते असे नाही. आपली हार्ड डिस्क ताडपत्राहून कितीतरी अल्पायुषी आहे. पण ताडपत्राची नक्कल करण्यास महिने लागत आणि हिची काही तासांत होते. ही सोय हाताशी असताना जो नक्कल करीत नाही, त्याने टंचाईस दोष देऊ नये.

हे मी दुसऱ्यास उपदेश म्हणून सांगत नाही. वीस कॅसेटींपैकी एकोणीस मला पूर्ण मिळाल्या. विसाव्या कॅसेटीची दुसरी बाजू त्या टक्‌टक् करणाऱ्या डिस्कमधून निघाली नाही आणि मूळ कॅसेट मीच टाकून दिली होती. त्या बाजूला आईने माहेरच्या ओव्या म्हटल्या होत्या एवढे आठवते. शब्द आठवत नाहीत. भाव पुढेमागे उतरतील, नव्या डिस्का येतील, वखारी भरून वाहतील. परंतु तो अर्धा तास कोणत्याही बाजारात कोणत्याही भावाने मिळावयाचा नाही. म्हणून श्रोत्यांना एवढीच विनंती की डिस्क घेण्यासाठी बाजारात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ घरच्या दप्तरापुढे बसावे आणि त्यातील अ वर्ग कोणता, ते ठरवावे.